धाकटे चाक घाट उतरले त्याची बखर

श्री. ज्या विघ्नहर्त्याचे वाहन उंदीर, आणि उंदरास चाक नाही म्हणोन ज्याची स्वारी आजवर कोठे पंक्चर होवोन खोळंबली नाही, त्यास आधी नमन. त्याउपरी शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, घाटमाथ्यावरील एका राज्यात जी मोठी मसलत जाहली, ती जाणत्यांनी सावध बसोन ऐकावी. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. मुलूख म्हणावा तर दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या आणि एक सज्जा. पूर्वेस लिफ्ट, पश्चिमेस शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी, दक्षिणेस पाण्याची टाकी, आणि उत्तरेस सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांशी केलेला तह एक दिवाळी टिकला नाही. सिंहासनी श्रीमंत मुकुंदराव महाराज होते. स्वभावे शांत, परंतु एकदा शब्द बोलून गेले म्हणजे जीव गेला तरी फिरविणे नाही. महाराज हुकूम देत आणि हुकूम कोणता द्यावा हे महाराणी हेमांगीबाईसाहेब सांगत, येणेप्रमाणे कारभार सुरळीत चालत होता. महाराजांचे धाकटे बंधू सरदार दिगंबरराव हे खालच्या मजल्यावर स्वतंत्र संस्थान करोन राहात; अंगात सदैव पांढरा शुभ्र सदरा, कडक इस्त्रीचा, आणि जगात असा विषय नाही ज्यावर त्यांचे मत तयार नाही. आणि या सर्वांवर छत्र मातोश्री कुमुदिनीबाई यांचे होते. मातोश्री न्हाणीघरात घसरून पडल्या तेव्हापासून पाय चालेनासे जाहले, मग चाकांची खुर्ची आली, आणि त्या खुर्चीत बसोन मातोश्री तिन्ही खोल्यांत असा फेरफटका मारीत की स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याआधी त्या तेथे हजर. खुर्चीस कोणी हात लावलेला त्यांस खपत नसे. चाके आपल्या हाताने फिरवीत.

आता मसलतीचे मूळ ऐकावे. मातोश्रींची धाकटी बहीण बकुळामावशी घाटाखाली, समुद्राच्या बाजूस राहात. दोघी बहिणी थकल्या, एकीचे पाय गेले, दुसरीची दृष्टी अधू जाहली, आणि भेट होवोन दोन वर्षे लोटली. फोनवर तोंडे दिसत. परंतु मावशीस पडद्यावरील तोंड नीट दिसेना आणि मातोश्रींस पडद्यातून हात घालता येईना. मग आपसांत बोलत, "जेवलीस का?" "जेवले. तू?" आणि पुढे फोन ठेवीत. मग महाराज म्हणत, आईस एकदा नेऊन आणू. परंतु नेणे सोपे नव्हते, कारण राज्याचा रथ. रथ चांगला होता, परंतु ग्यासवर चालणारा, आणि ग्यासची मोठी टाकी डिकीत जहागीरदारासारखी ठाण मांडून बसलेली. टाकीपुढे जी जागा उरे तीत राखीव चाक उभे राही, किंवा मातोश्रींची खुर्ची घडी होवोन राही. दोन्ही राहात नसत. पूर्वी एकदा चाक घेतले आणि खुर्ची घरी ठेविली, आणि एका लग्नास गेले. तेथे मांडव उंच जोत्यावर. मग चार दांडग्या मुलांनी मातोश्रींस प्लास्टिकच्या खुर्चीत घालोन उचलिले, आणि फोटोवाल्याने "आजी, इकडे बघा" म्हणोन तो प्रसंग टिपिला. मातोश्री त्या दिवशी जेवल्या नाहीत. घरी येवोन म्हणाल्या, "मी देवाची पालखी नाही आणि गव्हाचं पोतंही नाही. आजपासून मला कुणी उचलायचं नाही. माझी खुर्ची येईल तिथं मी येईन." ही एक प्रतिज्ञा जाहली.

दुसरी प्रतिज्ञा ऐसी की, गेल्या वर्षी खुर्ची घेतली, चाक घरी ठेविले, आणि मावशीच्या गावी निघाले. मनात भरवसा असा की रथाबरोबर पंक्चर बुजविण्याचे औषध आहे आणि हवा भरण्याचा लहानसा पंप आहे, काय होते. तो घाटात एका अणकुचीदार धोंड्याने टायरचे पोट उभे फाडिले. औषध ओतले ते ताकाच्या फेसासारखे दुसऱ्या बाजूने बाहेर आले, आणि रस्ता पांढरा जाहला. मग ओढून नेणारी गाडी बोलाविली, ती उन्हे कलल्यावर आली, आणि सर्व फौज उलट पावली राज्यात परतली. खाली मावशी उकडीचे मोदक करोन वाट पाहात बसली होती, ते मोदक तिने शेजारी वाटले. मातोश्री घरी आल्यावर फोन लावून "येईन गं पुन्हा" म्हणाल्या, आणि तो स्वर ऐकोन महाराज म्हणाले, "पाचवं चाक बरोबर असल्याशिवाय मी घाट उतरणार नाही." येणेप्रमाणे आई खुर्चीवांचून जाणार नाही, लेक चाकावांचून नेणार नाही, आणि डिकी दोघांस पुरणार नाही, ऐसा पेच पडला.

मार्गशीर्षात मावशीचा निरोप आला की डोळ्याचे ऑपरेशन ठरले आहे, त्याआधी ताईस एकदा पाहावे असे वाटते, पुढे कसे दिसते न दिसते. हा निरोप येताच राज्यात खलबत बसले. दिगंबररावांनी आधी मत दिले की राखीव चाक छपरावर बांधावे. बाईसाहेब म्हणाल्या, "छपरावर चाक बांधलं की आपल्या पार्किंगची तुळई लागते. मागं सोफा आणला तेव्हा काय झालं विसरलात?" दिगंबरराव विसरले नव्हते, तो सोफा त्यांचाच होता. मग दुसरे मत दिले की औषध आणि पंप पुरे. यावर महाराजांनी पांढऱ्या जाहलेल्या रस्त्याची आठवण दिली. मग बाईसाहेबांनी आपली मसलत सांगितली की बाजारात एक धाकटे चाक मिळते, अंगाने बारीक, जागा थोडी खाते, अडीअडचणीपुरते लावायचे आणि थोरले दुरुस्त होताच काढायचे. ते आडवे निजविले तर वर खुर्ची मावेल. हे ऐकताच दिगंबरराव हसले आणि बोलिले, "वहिनी, ते चाक आहे की चकली? आईला घाटातून चकलीवर न्यायचं? लोक काय म्हणतील?" बाईसाहेब म्हणाल्या, "लोक घाटात मदतीला आले नव्हते. म्हणायला कशाला येतील?" तेथे खलबत संपले आणि महाराजांनी हुकूम दिला, तो कोणता हे वाचकांनी जाणावे.

मग बाईसाहेब स्वतः टायरबाजारात मोहिमेवर निघाल्या. बरोबर शिवणाची टेप घेतली, महाराजांस घेतले, आणि डिकीत मातोश्रींची खुर्ची घातली. मातोश्री तेवढा वेळ पलंगावर बसोन राहिल्या, आणि "लवकर आणा, दूध तापत ठेवलंय" असे बजाविले. दिगंबरराव चुका काढण्यासाठी आले. बाजारात अल्ताफशेठ बागवान म्हणोन जुने टायरवाले, त्यांचे दुकानी उतरले. शेठनी एक बारीक चाक काढून दाखविले. दिसावयास नामी, परंतु त्यास पाच बोल्टांची भोके आणि रथास चार. ते परत ठेविले. दुसरे चार भोकांचे निघाले, तेव्हा दिगंबरराव म्हणाले, "झालं, बांधा." बाईसाहेबांनी टेप लाविली, तो ते रथाच्या चाकाहून चांगले चार बोटे बुटके. बाईसाहेब म्हणाल्या, "रुंदीनं कमी चालेल, उंचीनं कसं चालेल? गाडी लंगडेल." अल्ताफशेठनी मान डोलाविली आणि मुलखातून मुलूख शोधावा तैसे माळ्यावर चढोन तिसरे चाक काढिले. भोके चार आणि त्यांमधील अंतर तेच, मधले मोठे छिद्र रथाच्या तुंब्यावर, म्हणजे चाक बसते त्या गोल उंचवट्यावर, चपखल, उंची थोरल्याच्या बरोबरीची, अंगावर पिवळा टिळा आणि टिळ्यावर ऐंशी हा आकडा. शेठ म्हणाले, "ताई, हे नीट ऐका. याच्यावर ऐंशीच्या वर पळवायचं नाही. हवा यात साठ भरायची, तुमच्या बाकीच्या चाकांत तेहेतीस असते तसली नाही. आणि हे पाव्हणं आहे. घरी पोचवील, संसार करणार नाही." बाईसाहेबांस हे बोलणे फार आवडले. मग दुकानासमोर भररस्त्यात डिकी उघडली, चाक टाकीपुढे आडवे निजविले, वर खुर्ची घडी करोन ठेविली, आणि डिकी लाविली. ती लागली. महाराजांनी पुन्हा उघडून पुन्हा लाविली, तरी लागली. दिगंबररावांनी एकदा स्वतः लावून पाहिली, तरीही लागली. चाक घरी येताच मातोश्रींनी खुर्चीतून वाकोन त्यास हळदकुंकू वाहिले, वर अक्षता टाकिल्या, आणि म्हणाल्या, "लहान आहे, पण तोंडावर तेज आहे."

आता या राज्याचा एक दंडक सांगितला पाहिजे, कारण पुढील अनर्थ त्यातून उपजला. कैलासवासी थोरले महाराज तरुणपणी नाटक कंपनीत पडदा ओढीत असत. तेथून त्यांनी घरात शिस्त आणिली की तालमीवांचून कोणतेही कार्य करणे नाही. पाहुणे यावयाचे तर आदल्या दिवशी रिकामी ताटे मांडून पंगतीची तालीम. सत्यनारायण असला तर भटजींवांचून पूजेची तालीम. हेमांगीबाईसाहेब लग्न होवोन आल्या तेव्हा त्यांच्या गृहप्रवेशाची तालीम आदल्या दिवशी दिगंबररावांस शालू नेसवून जाहली होती, ऐसे वृद्ध सांगतात. मग या मोहिमेची तालीम न व्हावी हे कसे घडेल. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये सर्व फौज उतरली. दिगंबररावांच्या पत्नी रोहिणीबाई थर्मास घेऊन आल्या. मातोश्री खुर्चीतून देखरेखीस बसल्या. प्रथम सर्वांनी रथात आपापल्या जागा घेतल्या, महाराज सुकाणूस, मातोश्री शेजारी, मागे तिघे दाटीने. मग महाराज म्हणाले, "पंक्चर झालं." मग सर्व उतरले, खुर्ची काढिली, मातोश्री खुर्चीत बसल्या, चाकाखाली धोंडे लाविले, जॅक चढविला, मागले डावे चाक काढिले आणि ते खांबास टेकवून उभे केले, धाकटे चाक चढविले, बोल्ट आवळले, रथ खाली घेतला, मातोश्री आत बसल्या, खुर्ची घडी होवोन डिकीत गेली, डिकी लागली, आणि महाराजांनी पार्किंगमध्ये एक प्रदक्षिणा घातली. धाकटे चाक ऐसे चालले की जणू जन्मापासून त्याच रथास होते. रोहिणीबाईंनी टाळ्या वाजविल्या. दिगंबररावांनीही मान्य केले की चकली बरी आहे. सेक्रेटरी वरून पाहात होते, तेही काही बोलले नाहीत, हा मोठाच विजय मानिला गेला. मग सर्व पूर्ववत करोन चहा घेतला, आणि राज्यात ऐसा आत्मविश्वास संचारला की आता घाटाने स्वतः येवोन लोटांगण घालावे.

दुसरे दिवशी सकाळी स्वारी निघाली. मातोश्रींनी मोतिया रंगाचे लुगडे नेसले, मांडीवर बहिणीसाठी भाजणीचा डबा. दिगंबररावांनी नवा पांढरा सदरा चढविला, त्यावर रोहिणीबाई म्हणाल्या, "प्रवासाला पांढरं कशाला?" आणि दिगंबरराव म्हणाले, "मावशीला दिसायला हवं ना." ऊन कोवळे होते, घाटाच्या तोंडाशी वाऱ्यास करवंदीच्या पाल्याचा वास होता, आणि महाराज गुणगुणत होते. मग चौथ्या वळणावर फटक असा आवाज जाहला, रथ डावीकडे झुकला, आणि महाराजांनी तो कठड्याच्या कडेस रुंद जागी उभा केला. कोणी घाबरले नाही. खरे सांगावयाचे तर सर्वांच्या तोंडावर आनंद दिसला, कारण तालीम फुकट गेली नव्हती. महाराज म्हणाले, "पंक्चर झालं," अगदी तालमीतल्याच स्वरात, आणि फौज उतरली. खुर्ची निघाली, मातोश्री कठड्याच्या सावलीस बसल्या, धोंडे लागले, जॅक चढला. मागले डावेच चाक होते, हाही शुभशकुन मानिला. फाटले होते ते पुन्हा कडेनेच, बाजूच्या पोटावर, ज्यास औषध नाही. धाकटे चाक चढले, बोल्ट आवळले, रथ खाली आला आणि धाकटे आपल्या साठाच्या हवेवर ताठ उभे राहिले. येथवर सर्व तालमीप्रमाणे. मातोश्री आत बसल्या. खुर्ची डिकीत ठेविली. आणि महाराज हात झटकून वळले तो काढलेले थोरले चाक रस्त्यावर आडवे पडलेले, कारण घाटात खांब नव्हता.

महाराजांनी चाकाकडे पाहिले, मग बाईसाहेबांकडे पाहिले, आणि बाईसाहेबांनी आयुष्यात प्रथमच नजर चुकविली. धाकटे आडवे होते त्या जागी थोरले घातले, तो ते रुंदीने दुप्पट. वर खुर्ची ठेविली तर डिकी वीतभर उघडी राहिली. उभे घातले, तो खुर्ची राहिली. दोरीने डिकी बांधू म्हटले, तर उतारावर खुर्ची घरंगळून दरीत जाण्याची भीती. चाक तेथेच टाकोन जावे, तर परतीचा घाट चढावयास राखीव काय, आणि रिमसहित चाक कोण टाकोन देतो. बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "एवढं मोजलं मी. जाताना काय मावेल ते मोजलं. काढलेलं कुठं जाईल हे मनातच आलं नाही." त्यांचा स्वर ऐकोन सर्वांस वाईट वाटले. दिगंबररावांस हसण्याची संधी होती, त्यांनी ती घेतली नाही.

तेव्हा पुढल्या खिडकीतून मातोश्री बोलल्या. म्हणाल्या, "मुकुंदा, खुर्ची काढ बाहेर. खालच्या वळणावर ते पोलीस मदत केंद्र आहे ना, तिथं ठेव सांगून. येताना घेऊ. चाक डिकीत जाईल." महाराज म्हणाले, "आणि मावशीच्या दारात?" मातोश्रींनी भाजणीच्या डब्याचे झाकण उगीच दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "उचला मला. एकदा उचललंय, आणखी एकदा उचला. बकुळेला काय, तिला धूसरच दिसतं." हे बोलताना आवाज सरळ होता, परंतु मान खाली होती, आणि ती मान खाली गेलेली महाराजांनी पाहिली, बाईसाहेबांनी पाहिली, रोहिणीबाईंनी पाहिली. ज्या बाईने एका वचनापायी लग्नकार्ये सोडली, बारशी सोडली, माहेर सोडले, तिने ते वचन घाटात आपण होऊन सोडिले, आणि ते आपल्या घरच्यांची अडचण होऊ नये म्हणोन. हे लिहिताना आमचाही हात जड होतो.

मग ऐसे जाहले की दिगंबरराव रथात मागे चढले, मधोमध बसले, गुडघे जुळविले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "द्या इकडे." महाराज म्हणाले, "दिगू, सदरा." दिगंबरराव म्हणाले, "सदरा धुता येतो, दादा. द्या." मग महाराजांनी आणि बाईसाहेबांनी ते थोरले चाक, चिखलासकट आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीसकट, उचलोन सरदारांच्या मांडीवर ठेविले, आणि सरदारांनी त्यास दोन्ही हातांनी कवटाळिले. एका बाजूस रोहिणीबाई दाराशी चिकटून बसल्या, दुसऱ्या बाजूस बाईसाहेब. खुर्ची डिकीत गेली आणि डिकी लागली. मातोश्रींनी मागे वळून पाहिले नाही, फक्त हात मागे नेवोन दिगंबररावांचा गुडघा थोपटला.

मग घाट उतरणे जाहले. महाराज ऐंशीची मर्यादा असता तिशीने चालवीत होते, मागे वाहनांची वरात लागली, आणि एक एसटी पुढे काढताना तिच्या खिडकीतल्या सगळ्या माणसांनी आत पाहिले आणि चाक कवटाळून बसलेला गृहस्थ पाहोन एकमेकांस दाखविले. दिगंबररावांनी मान ताठ ठेविली. त्यांच्या नाकावर माशी बसली, ती उडविण्यास हात मोकळा नव्हता, ती रोहिणीबाईंनी पदराने उडविली. पायथ्याशी पंक्चरवाला होता, म्हटले चाक त्याकडे सोपवू, तो दुकानास कुलूप आणि खडूने लिहिलेले, "भाचीचे लग्न." दिगंबरराव म्हणाले, "चला पुढं. आता सवय झाली." आणि धाकटे चाक, ज्यास चकली म्हटले होते, ते सर्वांचा भार घेऊन, वर थोरल्याचाही भार घेऊन, एकदाही न कुरकुरता मावशीच्या गावात शिरले.

मावशी अंगणात खुर्ची टाकोन बसली होती, डोळ्यांवर हात धरोन. रथ थांबला, आधी डिकीतून खुर्ची उतरली, मग मातोश्री खुर्चीत बसल्या, आणि सारवलेल्या अंगणातून आपल्या हाताने चाके फिरवीत निघाल्या. महाराज मागे धरावयास धावले, बाईसाहेबांनी त्यांचा दंड धरोन थांबविले. खुर्ची मावशीच्या पायांशी जाऊन टेकली. मावशीने आधी चाक चाचपिले, मग हात चाचपिला, मग हनुवटी. मग विचारले, "ताई, घाट कसा उतरलात गं? कुणी उचलून आणलं तुला?" मातोश्री म्हणाल्या, "उचलून आणलं ते चाकाला. तो बघ दिगू, मांडीवर घेऊन बसलाय. मी माझी आले." मावशीने रथाकडे तोंड वळविले, धूसर दृष्टीस तेथे एक पांढरा आणि एक काळा ऐसे दोन गोल दिसले, आणि ती इतकी हसली की भाजणीचा डबा मातोश्रींनी वेळेवर धरिला म्हणोन वाचला. मग हसताहसता दोघी बहिणी एकमेकींचे हात धरोन रडल्या. दोन वर्षांचे "जेवलीस का" त्या दिवशी एकदम फिटले. मावशीने दिगंबररावांस आपल्या यजमानांचे घडीचे धोतर आणि सदरा मानाची वस्त्रे म्हणोन दिली. ती त्यांस आखूड जाहली, तरी त्यांनी दिवसभर मिरविली.

सारांश ऐसा. धाकटे चाक घ्यावे तर भोके मोजावी, उंची जुळवावी, हवा साठ भरावी, ऐंशीच्या आत चालवावे, आणि काढलेले थोरले कोठे जाईल हे घरीच ठरवावे. या राज्याने ते ठरविले आहे. आता तालमीत चाक खांबास टेकवीत नाहीत. "पंक्चर झालं" म्हणताच दिगंबरराव जुना सदरा घालून मधोमध बसतात आणि हात पुढे करितात. येथे लेखणी ठेविली, कारण मावशीचे ऑपरेशन नीट जाहले आहे आणि उद्या पुन्हा घाट उतरणे आहे.